तिसरा फटका

पहिल्याच भेटीत गुरुजींनी मला ढकललं.

मी नमस्कार करायला वाकले होते. वाकलेली असतानाच खांद्याला धक्का बसला आणि मी वर्ध्याच्या नालवाडीतल्या त्या मोकळ्या प्लॉटवर, नव्याकोऱ्या ट्रॅकसूटसकट, मातीत पडले. डावा तळहात सोलून निघाला. वर पाहिलं तर सत्तरीचे, जेमतेम माझ्या कानाला लागतील एवढे एक गृहस्थ माझ्याकडे मोठ्या आस्थेनं बघत होते.

"हात टेकवला हिनं," ते बाकीच्या बायकांना म्हणाले. "पाह्यलं नं? पडताना पहिले हात टेकवला. मनगट जाईन अशानं एक दिवस." मग माझ्याकडे वळले. "ऊठ पोरी. काऊन आली?"

मला इतका धक्का बसला होता की राग यायचाही राहून गेला. मी आपली मातीत बसूनच सांगू लागले. सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर सोळा वर्षं बसते आहे, कंबर धरली आहे, डॉक्टर व्यायाम करा म्हणाले, शेजारच्या काकूंनी सांगितलं की इथे बायकांना लाठी शिकवतात. गुरुजी समोर उकिडवे बसले आणि सगळं ऐकून घेतलं. दुखतं ते वाकताना की उठताना, उजव्या बाजूला की डाव्या, कुशीवर झोपते की उताणी, सगळं विचारलं. घरी गेल्यावर नवरा म्हणाला, "असल्या वेड्या माणसाकडे पुन्हा जायचं नाही." मी दुसऱ्या दिवशी गेले. माझी कंबर इतकं मन लावून त्याआधी कुणी ऐकली नव्हती.

गुरुजी शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले होते. पत्नी वारल्या होत्या, मुलगा पुण्याला. लाठी त्यांनी लहानपणी पवनारला एका म्हाताऱ्या पहेलवानाकडून उचलली होती. सकाळी सहाला वर्ग सुरू व्हायचा. आम्ही दहा-बारा जणी होतो. दोन शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, सावंगीला फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी, बाकी माझ्यासारख्या खुर्चीत बसून वाकलेल्या. लाठी हातात मिळेल म्हणून आलेल्या आम्हाला पहिले तीन महिने त्यांनी नुसतं पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, खांद्यावरून लोळायचं आणि लोळता लोळताच उभं राहायचं. पन्नाशीच्या बाया सकाळी सकाळी मातीत लोळतायत, हे पाहायला दूधवाला गाडी थांबवून उभा राहायचा.

"मारनारा जिंदगीत एखांद्या वेळेसच भेटते," गुरुजी म्हणायचे. "न्हानीतली फरशी रोज भेटते."

शिकवलेलं मुरलं की नाही हे तपासायची त्यांची एकच पद्धत होती. कुठेही, कधीही ढकलायचं. बसस्टँडवर, भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत. नणंदेच्या मुलीच्या रिसेप्शनला मी पैठणी नेसून, हातात ताट घेऊन उभी होते. मागून धक्का आला आणि कळायच्या आत मी लोळून पुन्हा उभी होते. ताट तसंच हातात होतं, गुलाबजाम तेवढा व्याह्यांच्या बुटाशी जाऊन थांबला. गुरुजी शांतपणे माझ्या सासूबाईंकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "सून चांगली पडली तुमची. वा!"

सासूबाई घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. पण चार दिवसांनी त्यांनीच मला विचारलं, "तुमचे ते गुरुजी मले शिकवतीन का?" त्यांच्या मोठ्या बहिणीचं खुब्याचं हाड नुकतंच मोडलं होतं आणि ती खाटेवरून उठली नव्हती. गुरुजी घरी आले. अडुसष्ट वर्षांच्या सासूबाईंना त्यांनी दोन गाद्यांवर पंधरा दिवस पाडलं. पुढच्या पावसाळ्यात त्या मागच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या, कुशीवर लोळल्या आणि पातळ झटकत उभ्या राहिल्या. मी दारातून पाहत होते. त्या म्हणाल्या, "तोंड काऊन वासून राह्यली? हनुवटी छातीले लावली होती नं मी."

माझी कंबर दुखायची कधी थांबली हे मला कळलंच नाही. एका संध्याकाळी फायलींचा गठ्ठा उचलताना आठवलं की अरे, हिला दुखून बरेच दिवस झाले. त्याच सुमारास आवाजही बदलला. गुरुजी पोटातून ओरडायला लावत. पहिल्या दिवशी आमच्या तोंडून शिंक यावी तसा आवाज निघाला होता. सहा महिन्यांनी आम्ही ओरडलो की प्लॉटपलीकडच्या घरातली कुत्री आत पळत.

लाठी हातात आली ती त्यानंतर. तिचे दोन नियम होते. फटका मोठ्यानं मोजून मारायचा, आणि दोनाच्या पुढे मोजायचं नाही. एक, दोन, की तीन पावलं मागे. कुठलाही डाव असो, दोन फटके आणि मागे. फिजिओवाली मुलगी एकदा म्हणाली, "गुरुजी, समोरचा दोनात नाही थांबला तर?"

"तं पुन्हा एकपासून मोज. पन पहिले मागं ये, पाह्य त्याच्याकडे, आन् मंग मोज."

"सरळ तीन का नाही?"

ते उत्तर न देता उलटे चालत प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला गेले. उलटं चालणं ही त्यांची रोजची सवय होती, त्यामुळे उत्तर टाळल्याचं आम्हाला त्या वेळी जाणवलंही नाही.

मग मार्चमधली ती सकाळ आली. उजाडलं होतं. मी लाठी घेऊन प्लॉटकडे चालले होते. तिशीचा एक माणूस मोटरसायकल हळू करत आला, दवाखान्याचा रस्ता विचारला, आणि मी हात वर करून दाखवत असतानाच त्यानं माझं मंगळसूत्र धरून गाडी पळवली. मंगळसूत्र तुटेना. मी ओढली गेले आणि पडले. हात टेकवला नाही. लोळून उभी राहिले तेव्हा लाठी हातातच होती आणि माणूस गाडीसकट घसरून रस्त्यात आडवा झाला होता. तो उठला. गाडीला कुलूप लावायची जाडजूड साखळी हातात घेऊन माझ्या अंगावर आला.

मी ओरडले, "एक!" साखळी हातातून उडाली. "दोन!" फटका गुडघ्यावर लागला आणि तो रस्त्यात खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर घेतले. "बस, बाई. बस," म्हणाला.

मी आणखी एक मारला.

तो मोजला नाही. खांद्याजवळ लागला आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला.

समोरच्या गच्चीवरून कुणीतरी हे सगळं मोबाईलमध्ये घेतलं होतं. दुपारपर्यंत ते अख्ख्या वर्ध्यात फिरलं. दोन दिवसांनी आमच्या कार्यालयात माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ, मागे माझ्या फोटोचा फ्लेक्स. साहेबांनी मला रणरागिणी म्हटलं. बाया मला हात लावून पाहत होत्या. आणि प्रमुख पाहुणे म्हणून अर्थातच गुरुजी होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नेहमीचे कॅनव्हासचे बूट. त्यांच्या हातात माईक दिला.

"मी तो व्हिडिओ पाह्यला," ते म्हणाले. "लय वेळा पाह्यला. पडली बरोबर. उठली बरोबर. पहिला फटका मनगटावर. तो सोताचा जीव वाचवाले. दुसरा गुडघ्यावर. तो त्याले थांबवाले."

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत गुरुजी थांबले. मग माझ्याकडे वळले.

"तिसरा काऊन मारला?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साहेब हसले, दुसरं कुणीच हसलं नाही म्हणून गप्प झाले.

"गुरुजी, मी घाबरले होते."

"भेव पहिल्या फटक्याले होतं. तिसऱ्याच्या वक्ताले तो खाली बसला होता. हात डोक्यावर होते त्याचे. तुह्या तोंडाकडं पाह्यलं मी त्या व्हिडिओत. तू भ्यायेल नव्हती." त्यांनी माईक टेबलावर ठेवला. त्यांना दिलेलं श्रीफळ त्याच्या शेजारी ठेवलं. नंतर माईकशिवाय, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." आणि निघून गेले.

ऑफिसातल्या सगळ्यांनी त्यांना म्हातारचळ लागला म्हटलं. नवरा तर त्यांच्या घरी जाऊन जाब विचारणार होता. मी त्याला अडवलं. कारण ते म्हणाले ते खरं होतं आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या फटक्याच्या वेळी मला भीती वाटत नव्हती. मला बरं वाटत होतं. आयुष्यात इतकं बरं क्वचितच वाटलं असेल. एका सत्तरीच्या माणसानं ते मोबाईलच्या पडद्यावर ओळखलं, याचा धक्का मला मंगळसूत्र ओढल्याच्या धक्क्यापेक्षा मोठा होता.

आठ दिवस झोप लागली नाही. रविवारी वर्ग नसायचा. गुरुजी दर रविवारी पवनारला जातात एवढं सगळ्यांना माहीत होतं. शेती असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मी बस धरून पवनारला उतरले. थांब्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या बाईला विचारलं. तिनं नाव ऐकताच पुलाकडे बोट केलं. "पी.टी.चे गुरुजी नं? आज रविवार, तिकडंच असतीन. टिनाचं घर हाय पाहा, निंबाखाली."

दार उघडं होतं. आत खाटेवर साठी उलटलेला एक माणूस पडला होता. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळलेली. गुरुजी खाटेशेजारी गुडघ्यांवर बसून त्याचा डावा हात खांद्यातून वर नेत होते, गोल फिरवत होते, खाली आणत होते. "अकरा. बारा. ढिल्ला सोड नं बावा. तेरा." वर्गाच्या सुरुवातीला आम्ही खांदे फिरवत असू, अगदी तसंच. कोपऱ्यात एक बाई परातीत पीठ भिजवत होती.

मला पाहून गुरुजी दचकले नाहीत. "बस," म्हणाले. वीस झाले, मग मनगट, मग एकेक बोट, मग गुडघा. माझा चहा येऊन थंड झाला. सगळं संपल्यावर त्यांनी हात पुसले आणि त्या माणसासमोरच मला सांगितलं.

"हे मी केलं."

तेव्हा ते पंचविशीचे होते, नुकते शाळेत लागले होते. पुलापलीकडे त्यांच्या वडिलांची वांग्याची वाडी होती. भर दुपारी एक जण पोत्यात वांगी भरताना सापडला. हातात विळा होता त्याच्या. गुरुजींनी पहिला फटका विळ्यावर मारला. दुसरा पायावर. तो खाली बसला. तिसरा डोक्यावर मारला.

"गावानं माहा सत्कार केला," गुरुजी म्हणाले. "शाळेच्या पटांगनात. चोर पकडला म्हनून हार घातला. हा तवा दवाखान्यात बेसुद होता, आन् ही," त्यांनी पीठ भिजवणाऱ्या बाईकडे पाहिलं, "ही नवी नवरी होती. दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. सत्काराचा हार गळ्यात घालून मी सायकलवर तिथून गेलो. मले मालूम बी नव्हतं ही कोन हाये."

त्या बाईचे हात पिठात थांबले नव्हते. खाटेवरचा माणूस छताकडे पाहत होता. पोलिसात कुणी गेलं नव्हतं. चोराच्या बाजूनं कोण जाणार? गुरुजी पहिल्या रविवारी आले ते गावात कुणाला न सांगता आले. अंग आखडू नये म्हणून डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम शिकून घेतले. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांचे रविवार चुकले ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. मी त्या हाताकडे पाहिलं. निर्जीव होता, पण कुठेही आखडला नव्हता. फिजिओवाल्या मुलीला नंतर सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना.

निघताना गुरुजी बूट घालून पुन्हा खाटेपाशी गेले. वाकून म्हणाले, "मंग? आज माफ करतं का?"

त्या माणसानं मान न वळवता, जड जिभेनं सांगितलं, "नाई."

गुरुजींनी मान डोलावली, किती वाजले हे विचारून घ्यावं तशी, आणि बाहेर पडले. बसथांब्यापर्यंत मी त्यांच्या मागे मागे चालले.

"हे दर रविवारी?" मी विचारलं.

"हाव. दर रविवारी इचारतो. तो नाई म्हनते."

"एकदाही हो म्हणाला नाही?"

"कायले म्हनन? बरोबर हाये त्याचं." बस येताना दिसली तेव्हा ते म्हणाले, "तू ज्याले मारलं त्या मानसाचं हाड जुळलं का ते सोता जाऊन पाह्य. मंग वर्गात येजो."

मी गेले. परवानगी काढायला वेळ लागला. सरकारी दवाखान्यात, पोलिसाच्या पहाऱ्यात तो खाटेवर बसला होता, एक खांदा बांधलेला. मी दारात दिसताच त्यानं सुटा असलेला हात झटकन डोक्यावर घेतला. मी नुसती उभी राहिले, हात रिकामे आहेत हे दिसावं म्हणून पुढे धरून. बऱ्याच वेळानं त्यानं हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर गुरुजींनी काही विचारलं नाही. नव्या आलेल्या एका बाईला ढकललं आणि मला म्हणाले, "हिले शिकव पडाले."

गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेले. तीन दिवसांचा ताप. उलटं चालत प्लॉटला वेढे घालणारा माणूस तीन दिवसांत असा संपेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. मंगळवारी गेले. मुलगा पुण्याहून आला, सगळं रीतीप्रमाणं झालं. शनिवारी भाजी चिरता चिरता माझा हात थांबला. पवनारला कुणी सांगितलं असेल? मुलाला तर ते घर ठाऊकही नव्हतं.

रविवारी सकाळी मी गेले. त्या बाई दारातच उभ्या होत्या, रस्त्याकडे बघत. खाटेवरून आवाज आला, "आला का?"

मी आत जाऊन सांगितलं. सरळ सांगितलं, दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. बाई चुलीपाशी जाऊन बसल्या. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले,

"माफ केलं होतं मी त्याले."

मला वाटलं, आत्ता केलं म्हणतायत. गेलेल्या माणसाला करतात तसं. मी तसं काहीतरी बोलले.

"आता नाई, बाई," चुलीपाशून त्यांची बायको म्हणाली. "दुसऱ्याच वर्षी. त्या वर्षी गुरुजीनं ह्यायले पहिल्यांदा खाटेवरून उठवून उभं केलं होतं. त्या दिवशीच हे मले म्हनले, माह्या मनात आता काई नाई."

मला बसायला काही सापडेना. मी जमिनीवर बसले. "मग सांगितलं का नाही? ते दर रविवारी विचारत होते. मी ऐकलंय माझ्या कानांनी. तुम्ही नाही म्हणालात."

त्यांनी तोंड वळवलं. उजव्या डोळ्यातून पाणी चाललं होतं, डावा नुसता उघडा होता. "हाव म्हनलं असतं तं मंग तो कायले आला असता?"

"मी भांडली ह्यायच्यासंग," बायको म्हणाली. "म्हनलं, त्या मानसाच्या जिवाले किती लागत असन. सांगून टाका. तं म्हनत, पुढच्या रविवारी सांगतो. पोरगा नाई आमाले, कोनी यायजायचं नाई. चोराच्या घरी कोन येते? तेच एक येत होते."

चाळीस वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. दर रविवारी वाकून विचारणारा एक माणूस, आणि त्याला धरून ठेवायला एकच शब्द असलेला दुसरा. मला त्या खाटेवरच्या माणसाचा संताप आला. गुरुजींनी तो "नाई" बरोबर घेऊन प्राण सोडला होता. आणि त्याच क्षणी कळलं की त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

ते माझ्याकडे पाहत होते. ओठाची एकच बाजू हलत होती.

"बाई, तुमी त्याच्याजवय शिकल्या. तुमाले काई बोलला असन." मग विचारलं, "त्याले समजलं होतं का?"

चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"हाव," मी म्हणाले. "त्यांना माहीत होतं."

मला काहीही माहीत नव्हतं.